बाई बस म्हणेपर्यंत

सुट्टी लागली आणि माझी वहिनी उभ्यानं जेवायला लागली. ओट्याला टेकायचं, ताट हातात धरायचं, चार घास कसेबसे ढकलायचे आणि लगेच ताट विसळून टाकायचं. आधी मी काही बोलले नाही. शिकवणाऱ्या बायकांना उभं राहायची सवयच असते, म्हटलं असेल तसं काही. पण मग चहा उभ्यानं, भाजी निवडणं उभ्यानं, टीव्ही लावला तर दाराच्या चौकटीला टेकून. मला नाही बाई असलं बघवत. एकदा मी खुर्ची उचलून सरळ तिच्या मागे नेऊन ठेवली आणि विचारलं, "वहिनी, खुर्चीला काय काटे फुटलेत?" तिनं त्या खुर्चीकडे असं काही बघितलं, की मीच ती गुपचूप उचलून जागेवर ठेवली.

मी तिची नणंद, दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारणाऱ्याला मी दर वेळी वेगळं कारण सांगते. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे आणि मागे आम्ही तिघं राहतो. शाळा सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे युनिफॉर्मची अशी झुंबड उडते की मला नाक शिंकरायला फुरसत नसते. मुलं मला मापवाली मावशी म्हणतात. दादा छापखान्यात आहे. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहून घरी आला की त्याला बोलायचा कंटाळा. त्यामुळे घरात बोलायचं काम माझ्या वाट्याला आलंय, आणि त्यात मी कसूर करत नाही.

वहिनी गणित शिकवते. शाळेत तिला घंटाबाई म्हणतात, म्हणजे तिच्या मागे. घंटा वाजायला लागली की ती संपायच्या आत वहिनी वर्गात. असा एक दिवस नाही की ती मागाहून पोचली. तिच्या तासाला पंख्याची कुरकुर ऐकू यायची, इतका वर्ग चिडीचूप. याचा तिला अभिमान होता आणि खरं सांगायचं तर मलाही होता. माझ्या दुकानात आलेली वांड पोरं, मी नुसतं "घंटाबाई माझी वहिनी आहे बरं का," म्हटलं की खांबासारखी ताठ व्हायची. माप घ्यायला फार सोपं जायचं.

आता जे झालं ते सांगते. परीक्षेच्या आधीचे दिवस. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, हडकुळी, उंच, मुलं तिला काडी म्हणतात. सकाळच्या पहिल्याच तासाला काडी कशावरून तरी फिसकन हसली. वहिनी म्हणाली, "उभी राहा. मी बस म्हणेपर्यंत बसायचं नाही." हे ती रोज कुणाला तरी म्हणायचीच. तास संपता संपता तिला पुन्हा बसवायचीही. पण त्या दिवशी मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, तास चालू असतानाच बोलावणं आलं. परीक्षेला कुठला मुलगा कुठल्या बाकावर बसणार, ते ठरवायचं काम होतं. वहिनी गेली ती संध्याकाळपर्यंत त्यातच अडकली. साऱ्या शाळेला बसवत होती, आणि हिला उभं केलंय ते डोक्यातून साफ गेलं.

बरं, वर्गावर दुसरं कुणी आलं नाही का? आले की. भाषेचे सर आले, इतिहासाच्या बाई आल्या, चित्रकलेचे सर आले. प्रत्येकानं विचारलं, "हिला कुणी उभं केलंय?" वर्ग म्हणाला, "घंटाबाईंनी." की झालं. त्या शाळेत एक रीत आहे. एकानं दिलेली शिक्षा दुसऱ्यानं काढायची नाही. काढली तर पहिल्याचा अपमान होतो म्हणे. मानापमान सांभाळत सगळे आपापला धडा शिकवून गेले आणि पोरगी उभीच. मधल्या सुट्टीत मैत्रिणी डबा घेऊन आल्या, तर तिनं उभ्यानंच नको म्हटलं. पाणी प्यायली नाही. लघवीलाही गेली नाही, कारण जायचं तर जागा सोडायला हवी, आणि जागा सोडायची परवानगी देणारी बाई वर्गात नव्हती. शेवटच्या तासाला तिचा स्कर्ट ओला झाला. कुणीतरी हसलं. आणि ती तशीच आडवी कोसळली, बाकाच्या कोपऱ्यावर. कपाळाला टाके पडले. मला टाक्यांचं काय कौतुक, जन्म त्यातच गेला, पण त्या पोरीच्या टाक्यांचं ऐकलं आणि मला रात्रभर मशीनला हात लावावासा वाटेना.

वहिनी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेली. बापानं दार उघडलं, बघितलं आणि मिटलं. वहिनी म्हणते, खिडकीतून काडी बघत होती. हाक मारायची छाती झाली नाही. मग परीक्षा झाली, काडीनं ती शाळेतच वेगळ्या खोलीत बसून दिली, आणि सुट्टी लागली.

सुट्टीत मोठ्या बाईंनी वहिनीला बोलावलं. त्या शाळेत एक बाई दोन वर्षं तोच वर्ग सांभाळते, म्हणजे पुढच्या वर्षी काडी पुन्हा वहिनीच्याच वर्गात. मोठ्या बाई सरळ म्हणाल्या, "वर्ग मी तुमच्याकडून काढत नाही. पण ती मुलगी आली पाहिजे आणि टिकली पाहिजे. पहिल्याच दिवशी ती घाबरून घरी परत गेली, तर मी तुम्हाला पुन्हा वर्गावर पाठवणार नाही. ऑफिसात बसाल." वहिनीनं हे मला ओट्याशी उभं राहून सांगितलं. आवाज अगदी सपाट होता, पण हातातला चमचा बशीवर वाजत होता.

"ऑफिसात काय वाईट आहे?" मी म्हटलं. "पंख्याखाली बसायला मिळेल."

"मला ऑफिसची नाही भीती वाटत गं," ती म्हणाली. "मला दुसरीच भीती वाटते. ती आली, मला बघितलं आणि तिचे पाय लटपटले, तर मी काय करू?"

मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

त्यानंतर तिनं शाळा नव्यानं मांडायला घेतली, स्वयंपाकघरात. सकाळी कणीक तिंबताना विचारायची, "मी आत आले की मुलं उभी का राहतात?" मी म्हणायचे, "मान म्हणून." "माझा मान त्यांच्या गुडघ्यांत असतो का?" दुसऱ्या दिवशी, "लघवीला जायला हात वर का करायचा? तू करतेस का दुकानात?" मी म्हटलं, "मला काय, गिऱ्हाईक उठू देत नाही." बाक अर्धगोल लावायचे, पाणी हवं तेव्हा प्यायचं, उभं करायची शिक्षा बंद, आणि दुसऱ्यानं दिलेली शिक्षा चुकीची दिसली तर कुणीही ती काढायची. मी म्हटलं, "वा, मग एकदा गाद्या आणि उशाही टाका." पूर्वीची वहिनी असती तर तिनं मला चार शब्द सुनावले असते. आता ती नुसती बघत राहिली, जणू गाद्यांचाही विचार करायला हरकत नव्हती.

आणि तालीम. हे देवा, ती तालीम. दुपारी दुकान बंद केलं की मला स्टुलावर बसवायची आणि स्वतः दारातून आत यायची. "तू वर्ग आहेस," म्हणायची. मी एकटी सगळा वर्ग व्हायचे. ती आत येऊन म्हणायची, "मुलांनो, आजपासून मी आले तरी कुणी उभं राहायचं नाही." मग काडीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायची आणि पुढचं वाक्य घशात अडकायचं. तिनं ते वाक्य शंभरदा बदललं असेल. लांब केलं, आखूड केलं. दर वेळी तिथंच अडकायची आणि पाणी प्यायला आत जायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, माफी मागायची आहे ना, मग माग की." ती म्हणाली, "वन्सं, तुम्हाला काय कळतंय?" वन्सं म्हणाली की समजायचं, जखमेवर बोट पडलं. एरवी ती मला नावानं हाक मारते आणि तू म्हणते.

एका रविवारी दादानं हे सगळं पेपराआडून ऐकलं. एवढंच म्हणाला, "तू घंटेच्या आधी जाऊन बस. मुलं यायच्या आत. मग उभं राहायचा प्रश्नच येत नाही." माणूस कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा कामाचं. वहिनीनं त्याची मनाशी खूणगाठ बांधली. सगळ्यांच्या आधी जायचं, वर्ग उघडायचा, बाक लावायचे, खुर्ची मुलांच्यात ओढून आधीच बसलेलं असायचं. मग कुणी उठणार नाही, कुणाला बसवावं लागणार नाही, आणि काडी दारातून आत येईल ती बसलेल्या बाईकडे येईल.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात माझ्या दुकानात एक बाई आली, बरोबर मुलगी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मान वर न करताच टेप ओढली आणि मुलीला म्हटलं, "ये, उभी राहा. हात पसर. हलू नकोस." छाती, कंबर, बाही. कंबरेवर टेप सैल पडत होती, म्हटलं पोरगी अगदीच काडी आहे. तरीही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक शर्टाची बाही छोटी झाली म्हणून भांडायला आलं. मी त्याच्याशी यथेच्छ भांडले. मग आत जाऊन निळ्या कापडाचा तागा शोधला, तो सापडेना, सापडला. बाहेर आले तर मुलीची आई फोनवर बोलायला रस्त्यावर गेलेली, आणि मुलगी मधोमध तशीच उभी. हात पसरलेले. हात थरथरत होते, वरच्या ओठावर घाम होता. कुणी हात खाली घे म्हटलं नव्हतं, म्हणून तिनं घेतले नव्हते.

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. केस संपतात तिथून खाली, उघड्या कपाळावर गुलाबी रेघ होती.

"अगं बाळा, हात खाली घे," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. तिनं हात घेतले, तरी बसली नाही. समोर स्टूल रिकामं होतं. मी म्हटलं, "बस." मग बसली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "हे बघ, माझ्या दुकानाचा एक नियम आहे. पाय दुखले की आपणच बसायचं. मी विसरभोळी आहे, माझी वाट बघायची नाही." तिनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "तुम्ही रागावणार नाही?" मी म्हटलं, "मी रागावते. पण बसल्याबद्दल नाही."

आई परत आली. घंटाबाई माझी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. एरवी मी कुणालाही काहीही सांगते, पण त्या वेळी नुसती टेप गुंडाळत राहिले. आई म्हणाली, "ताई, स्कर्ट जरा सैलच ठेवा, जेवायला लागली की भरेल. ही रात्री दचकून उठते, जेवण जात नाही. त्या बाईच्याच वर्गात पुन्हा नाव लागलंय. हिचे बाबा तर म्हणत होते, पाठवायचीच नाही. मी म्हटलं, एक दिवस बघू. मी स्वतः खिडकीशी उभी राहणार आहे. माझ्या पोरीला पुन्हा तसं काही झालं ना, तर तिथल्या तिथं हात धरून घेऊन येणार, आणि त्या बाईला मी सोडणार नाही." हे ती चढ्या आवाजात बोलली नाही, पोरीचे केस सारखे करत करत बोलली. म्हणून मला जास्त भीती वाटली.

रात्री मी वहिनीला एवढंच सांगितलं की काडी येणार आहे. खिडकीचं सांगितलं नाही. ती कपाटाला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "उंची वाढली का?"

"वाढली. स्कर्टाला दुमड ठेवलीय."

"आणि खूण?"

"केसांत लपते," मी म्हटलं. ते खोटं होतं.

पहिल्या दिवशी पहाटेपासून वहिनी तयार. डबा भरला, पर्स भरली, आरशासमोर ते वाक्य एकदा म्हटलं. निघताना दारात चपला घालता घालता थांबली, तोंडावर हात दाबला आणि आत पळाली. नळ सोडल्याचा आवाज आला, ओकारीचा आला. बाहेर आली तर चेहरा राखेसारखा. पुन्हा निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, पुन्हा परत. मी मशीनवर बसले होते. शेवटी मी उरलेल्या युनिफॉर्मचं गाठोडं उचललं. ते शाळेत पोचवायचंच होतं, पण दुपारी. म्हटलं, "चल, मी येते. धर माझा हात. आणि ओकायचं असेल तर या बाजूला, त्या बाजूला कपडे आहेत." तिनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

आम्ही फाटकात असताना घंटा सुरू झाली.

वहिनी जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत ती कधी घंटेच्या बाहेर राहिली नव्हती. घंटा वाजत राहिली, पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी पळत गेली, आणि घंटा संपली. मला वाटलं, ही आता परत फिरणार. मी तिला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. हो, ढकललंच, गोड शब्द वापरायला वेळ नव्हता.

वर्ग वरच्या मजल्यावर. भिंतींना नवा रंग दिलेला, त्याचा उग्र वास. जिन्यात माझे गुडघे बोलत होते. व्हरांड्यात पोचलो तर खिडकीशी काडीची आई. दोन्ही हातांनी गज धरलेले. तिनं वहिनीला बघितलं, मग वहिनीचा हात माझ्या हातात बघितला, मग मला. सगळं तिच्या तोंडावर उमटलं. ती म्हणाली, "तुम्ही?" मी मान खाली घातली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून मोठ्या बाई येताना दिसत होत्या, चष्मा पुसत, मुद्दाम सावकाश.

वहिनीनं माझा हात सोडला आणि आत गेली.

एकदम सगळे बाक वाजले. सगळा वर्ग उभा राहिला. नवे कपडे, कडक इस्त्री, माझ्याच हातचे निम्मे. "नमस्ते बाई" झालं आणि मग चिडीचूप. पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, काडी उभी होती. बाकाची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती. डोळे वहिनीवर लागलेले, पापणी हलत नव्हती.

वहिनीनं तोंड उघडलं. मला ते वाक्य पाठ होतं, मी मनात तिच्याबरोबर म्हणायलाही लागले, मुलांनो, आजपासून... पण तिच्या तोंडातून आवाज निघेना. ओठ हलले, पुन्हा हलले. तिनं टेबलाचा कोपरा धरला. साधा "बसा" एवढा शब्द, जन्मभर दिवसातून दहादा म्हटलेला, तो तिला सापडत नव्हता. मुलं उभी. कुणी इकडचा पाय तिकडे केला नाही. घंटाबाईंच्या वर्गाला शिस्त होती ना, तीच आता तिच्यासमोर भिंतीसारखी उभी राहिली होती.

मी दारात होते. मला फक्त "बसा रे," म्हणायचं होतं. माझी जीभ काय साधी जीभ आहे? गिऱ्हाइकाचा बाप काढते मी. पण ती वळेना. तो वर्ग तिचा होता, मी कोण? त्या दिवशी एकामागून एक मास्तर का गप्प राहिले, ते मला तिथं कळलं. त्यांच्यावरचा माझा राग काही गेला नाही, अजूनही नाही, पण कळलं. माझ्या शेजारी आईच्या हातातला गज करकरला. ती आत जायला वळतेय, हे मला न बघता समजलं. मोठ्या बाई अगदी जवळ आल्या होत्या.

काडीचे गुडघे लटपटायला लागले. स्कर्टाची दुमड हलताना मला दिसली, मीच घातली होती. वहिनीलाही दिसली असणार, कारण तिचा चेहरा वाकडा झाला. सगळी सुट्टी ज्याला ती घाबरत होती, तेच तिच्यासमोर घडत होतं आणि तिच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता.

मग बाक वाजला. एकच.

काडी बसली होती. कोसळली नव्हती, चक्कर आली नव्हती. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्या वर्गानं माना वळवून तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर इतकी भीती होती की मला वाटलं, आता ही ताडकन उठणार. ती उठली नाही. बाईंकडे बघत राहिली, आता काय होईल याची वाट बघत.

वहिनी टेबलाला धरून तशीच. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचंही भान नव्हतं. पाय थरथर कापत होते, आणि उभ्या असलेल्या माणसाचे पाय कापायला लागले की पुढे काय होतं, ते त्या वर्गात काडीइतकं कुणाला माहीत असणार?

"बाई," काडी म्हणाली. आवाज इतका बारीक की मी कान टवकारले म्हणून ऐकू आला. "तुम्ही पण बसा."

वहिनी बसली. खुर्चीपर्यंत पोचलीच नाही, फळ्याखालच्या लाकडी पायरीवर मटकन बसली, पर्स खांद्याला तशीच. सुट्टी लागल्यापासून तिला बसलेली मी पहिल्यांदा बघत होते. इतकं लांबलचक वाक्य पाठ केलेलं, त्यातलं काहीच तिला आठवलं नाही. ती काडीकडे बघून म्हणाली, "चुकलं गं माझं." आणि तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.

मग मागचा एक मुलगा बसला. मग त्याच्या पुढची मुलगी. बसा असं कुणीच म्हटलं नव्हतं, पण एकेक बाक वाजत गेला आणि सगळा वर्ग खाली बसला.

मोठ्या बाई दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून त्या पुढच्या वर्गाकडे चालत्या झाल्या.

काडीची आई अजून खिडकीशीच होती. गज सोडले होते, पण तळहातांवर गंजाचे पट्टे उठलेले. ती पोरीकडे खूप वेळ बघत राहिली. काडीनं एकदाच मान वळवून आईकडे बघितलं आणि पुन्हा समोर. मी वाट बघत होते, आता ही आत जाणार, हात धरणार.

"स्कर्ट अजून सैल आहे," ती मला म्हणाली. डोळे माझ्याकडे नव्हते.

"घेते की आत," मी म्हटलं. "संध्याकाळी घेऊन या तिला."

"येते," ती म्हणाली. तळहात कपड्यांना पुसले आणि जिन्याकडे निघाली, एकटी.

मी गाठोडं खाली ठेवलं. आणि तिथंच व्हरांड्यात भिंतीला टेकून मीही बसले.